बोरढाण्याचा दुपारचा पाऊस

एकोणीस सालच्या उन्हाळ्यात बोरढाण्यात अकरा दिवस पाऊस पडला. तसा कागद आहे, त्यावर सही आहे, शिक्काही आहे. गावात मात्र एकाही माणसाचा सदरा भिजला नाही, एकाही कौलावरून थेंब गळला नाही आणि कोरड्या नाल्यात पोट्टे क्रिकेट खेळत होते. पण कागदाशी भांडायची सोय नसते. त्यातून हा कागद यंत्राच्या आकड्यांवरून निघालेला. यंत्राला ना जात, ना पार्टी, ना साडू, ना मेव्हणा. ते कशाला खोटं बोलेल?

ते खोटं का बोललं, हे वकारला ठाऊक होतं. ते सांगायला त्याला एक अख्खी सकाळ मिळाली होती, समोर ऐकून घेणारा साहेब होता. ती सकाळ त्याने हातची घालवली.

वकार अकोल्याचा. त्याचे अब्बा अब्दुल सत्तार यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एके काळी खेड्यातले लोक बैलगाडीत रेडिओ घालून त्यांच्याकडे आणत, कारण रेडिओ बंद म्हणजे हवामान बंद. मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि दुकानाला कुलूप लागलं. वकारने डिप्लोमा केला आणि अमरावतीच्या एका अभियांत्रिकी संस्थेत संशोधनाच्या प्रकल्पावर तंत्रज्ञ म्हणून लागला. नोकरी कंत्राटी, एकेका वर्षाची. दर जूनमध्ये पुढचं वर्ष मिळेल की नाही याची धाकधूक.

प्रकल्प टेराहर्ट्झ लहरींचा होता. अब्बांना समजावताना वकार सांगायचा, "अब्बा, तुमच्याच रेडिओच्या खानदानातली लहर आहे, फक्त फार बारीक. तुमची लहर आणि उन्हाची धग, या दोघींच्या मधली." ही लहर माहिती इतकी भराभर नेते की अख्खा सिनेमा डोळ्याचं पातं लवायच्या आत इकडचा तिकडे. खोड एकच, पाण्यापुढे तिचं काही चालत नाही. हवेत दमटपणा वाढला की ती थकते, पाऊस आला की वाटेतच बसते. कोणाही शहाण्याने हा दोष मानला असता. प्रकल्पाचे प्रमुख नितेश सर अधिक शहाणे, त्यांनी त्याच दोषाचं हवामानयंत्र केलं. दोन टोकांना दोन डबे लावायचे. मधल्या हवेतून लहर किती थकून आली ते मोजायचं आणि त्यावरून किती वाफ, किती पाऊस ते सांगायचं. एका दगडात दोन पक्षी: गावाला इंटरनेट आणि सरकारला पाऊस.

फेब्रुवारीत डबे लागले. बोरढाणा हे शेंदूरजनाघाटच्या अलीकडचं संत्र्यांचं गाव. एक डबा गावातल्या पाण्याच्या टाकीवर बसला, दुसरा समोरच्या टेकाडावर, चंद्रभानजींच्या मळ्यातल्या पंपघराच्या स्लॅबवर. मधे सरळ रेषेत संत्र्यांचे शेंडे. सरपंच नत्थुजींनी ग्रामपंचायतीत बसून स्वतःच्या नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ उघडला. बोट लागतं न लागतं तोच तो सुरू झालेला पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले. "बाप्पा! आपल्याले तं पानीई इतक्या लौकर भेटत नाई," ते म्हणाले, आणि सगळे हसले. तेव्हा हसायला हरकत नव्हती.

मळ्यातल्या डब्याची राखण चंद्रभानजींच्या बायकोकडे आली, कारण मळा खरा तिचाच. मनकर्णाबाई शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकावाल्यांची लेक. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम कसं करावं, हे ती सहाव्या वर्षी शिकली. लग्न होऊन आली तेव्हा टेकाडावर नुसता खडक आणि बोरी होत्या. माहेरून ओल्या पोत्यात गुंडाळून तिने कलमं आणली, खेपेखेपेने चारशे, आणि डोईवरून पाणी वाहून जगवली. चंद्रभानजी चारचौघांत कबूलच करत, "मी नावाचा मालक. झाडं तिले ओयखतात."

त्या दिवशी तिने वकारला भाकर, झुणका आणि कच्चा कांदा जेवू घातला. जेवता जेवता त्याच्या घरचं सगळं काढून घेतलं. अब्बांच्या दुकानाला कुलूप, अम्मीचे गुडघे, दर जूनची धाकधूक. मग डब्याकडे बोट करून विचारलं, "हे काय खाते रे बाबू? याचं करा लागते काय मले?"

वकारच्या खिशात संस्थेचा छापील कागद होता. इंग्रजीत होता, तो त्याने मराठीत समजावून सांगायचा होता. त्यात पाचवं कलम ठळक अक्षरात होतं: डब्याच्या काचेसमोर कधीही काहीही येऊ देऊ नये. पण पोट भरलेलं, अमरावतीची शेवटची बस साडेचारची आणि काकूंना इंग्रजी कागद काय वाचून दाखवायचा. "काही नाही लागत, काकू," तो म्हणाला. "फक्त ऊन लय झालं तं बिघडते ते. तुमच्या कलमासारखं सांभाळजा."

"मंग फिकर नको करू," ती म्हणाली. "कलमं सांभाळाले मले कोनी शिकवा नाई लागत."

कागद त्याच्या खिशातच राहिला आणि पुढच्या धुण्यात विरघळून गेला.

एप्रिल लागला आणि टेकाड भट्टीसारखं तापलं. बोरढाण्याच्या बोअर एकेक करून वाळू ओकू लागल्या. शेवटी गावात दोनच ठिकाणी पाणी उरलं. शाळेजवळच्या हातपंपाला तासाला चार गुंड, म्हणजे चार घागरी, आणि चंद्रभानजींच्या बोअरला करंगळीएवढी धार. ग्रामसभेत ठरलं ते अगदी सरळ होतं. सरकारी टँकर सुरू झाले तर गाव टँकरचं पाणी पिईल आणि ती करंगळी संत्र्यांना. टँकर नाही आले तर माणसं आधी, झाडं मागून. चंद्रभानजींनी मान डोलावली. मनकर्णाबाई मात्र टँकरचा प्रस्ताव वर गेल्यापासून रोज नत्थुजींना विचारत राहिली, टँकरच्या गावांची यादी लागली का.

त्याच महिन्यात नत्थुजींचा वकारला फोन आला. "वकारभाऊ, ते तुमचं नेट दुपारी मरून राहिलं. बारा वाजले का मेलं, पाच वाजले का जित्तं."

"ऊन लय आहे, नत्थुजी. मशीन तापत असेल. येतो मी पाह्याले."

तो गेला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला, तेव्हा रमजान सुरू झाला होता. चव्वेचाळीस अंशात रोजा धरून बसने बोरढाण्याला जायचं म्हणजे चेष्टा नव्हती, ही गोष्ट खरी. पण रोजा धरून तो त्याच आठवड्यात अकोल्याला कपडे घ्यायला जाऊन आला होता, हीसुद्धा खरीच. माणूस आळसाला मोठं नाव देतो आणि मग त्या नावाआड निवांत बसतो. शाळेला सुट्ट्या होत्या, दुपारी ग्रामपंचायतीत कुत्रं नसायचं. नेट गेलं तर कोणाचं काय अडणार होतं?

इकडे अमरावतीत, थंडगार खोलीत, संगणक आकडे लिहून घेत होता. दुपारी बाराला लहर एकदम ढेपाळते, पाचला सावरते. संगणकाला एवढंच शिकवलेलं की लहर थकली म्हणजे पाणी. थोडी थकली तर वाफ, फार थकली तर पाऊस. त्याने इमानदारीत पाणी लिहिलं. जितकं ऊन जास्त, तितकं त्याच्या वहीत पाणी जास्त. सगळ्यात कडक अकरा दिवसांना त्याने जोरदार सरी दिल्या. पोराटोरालाही हसू आलं असतं, पण ते आकडे बघणाऱ्यांत पोरंटोरं नव्हती, सगळे डॉक्टरेट झालेले होते.

नितेश सरांना तर हर्ष झाला. महसूल मंडळाचं जुनं पर्जन्यमापक चौदा किलोमीटर लांब, त्यावर शून्य. "हाच तर आपला मुद्दा आहे," ते सगळ्यांना सांगत सुटले. "स्थानिक पाऊस. जुन्या साधनांना तो दिसतच नाही." टंचाईची बैठक होती तिथे त्यांनी रंगीत आलेख नेऊन दाखवले. बैठकीतल्या साहेबांकडे गावं जास्त आणि टँकर कमी. एक नाव खोडायला वैज्ञानिक कारण मिळालं म्हटल्यावर त्यांनी ते आनंदाने खोडलं. ते गाव बोरढाणा.

नत्थुजींचा तिसरा फोन आला. या वेळी आवाज चढलेला होता. "काहून हो वकारभाऊ, पाऊस कुठी पडला आमच्यात? एक थेंब दाखवा मले. एक!"

वकार दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघाला.

मळ्यात पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. झाडांच्या पानांच्या सुरळ्या झालेल्या, बोराएवढी हिरवी फळं गळून बुडाशी पसरलेली. नाव यादीतून गेल्यापासून बोअरच्या तोंडाला गावाचा पाइप जोडला होता आणि झाडांभोवतीची आळी कोरडी ठक्क होती. पंपघराला शिडी लावलेली. वर मनकर्णाबाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात पितळी लोटा. डब्यावर गोणपाट टाकलेलं होतं, पश्चिमेकडून नीट खाली सोडलेलं, काच पुरी झाकेल असं, आणि ती त्याच्यावर हाताने पाणी शिंपडत होती. अगदी हलकेच, एकेक ओंजळ.

"आला काय बाबू?" ती वरूनच म्हणाली. चेहरा उन्हाने काळवंडला होता, पण हसली. "पाह्य, कसं थंडगार ठेवलं तुह्यं लेकरू. कलमाले असंच करा लागते, उन्हाच्या अंगानं ओलं पोतं. बाराले टाकायचं, पाचले काढायचं, ऊन जास्त तं पानीई जास्त. एक दिवस नाई चुकला."

वकार शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबला. हात लावून बघायची गरजच नव्हती. ओलं गोणपाट काचेवर. त्याच्यापुढे कसली लहर जाते?

"पाणी कुठलं, काकू?" त्याने विचारलं.

"प्यायच्या मटक्यातले दोन लोटे. आमी दोघं कमी पेतो, त्याले काय होते? सरकारचं यंत्र हाय, गावाच्या कामाचं. बिघडलं तं टँकर कसा येईन?"

त्याला ओरडावंसं वाटलं, आणि रडावंसंही वाटलं. त्याने वर जाऊन ते पोतं काढलं आणि तिला सगळं समजावून सांगितलं. या वेळी कागद नसताना, एकेक शब्द. ती ऐकत राहिली. मग लोट्यात उरलेलं पाणी तिने उडवलं नाही, खाली जाऊन पुन्हा मटक्यात ओतलं.

संध्याकाळी त्याने नितेश सरांना फोनवर सांगितलं. "म्हणजे छेडछाड," सर म्हणाले.

"छेडछाड नाही सर. त्यांना वाटलं..."

"त्यांना काय वाटलं याचा रकाना फॉर्ममध्ये नाही, वकार."

नत्थुजींनी आरडाओरडा केल्यामुळे चार दिवसांनी एक तरुण साहेब चौकशीला निघाले. संस्थेच्या गाडीतून नितेश सर आणि वकार. वाटेत मोर्शी गेल्यावर सरांनी पाण्याची बाटली पुढे केली, मग रोजा आठवून मागे घेतली. "तुझी फाइल या जूनमध्ये कायमसाठी पाठवतो आहे," ते म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, माया होती. "आज फक्त विचारलं तेवढंच बोल. तू काकूंना नियमावली समजावली होतीस ना? झालं तर." वकारने खिडकीबाहेर बघितलं. उत्तर दिलं नाही, आणि सरांनी ते हो धरलं.

ग्रामपंचायतीत पंखा फिरत होता, पण वारा गरम. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं स्पष्ट सांगितलं, "संस्थेकडून सूचना द्यायच्या राहिल्या असतील, तर चूक संस्थेची. मी नोंद आजच रद्द करतो, परवापासून टँकर. पण गावातल्या कोणी आपल्या मनाने यंत्राला हात लावला असेल, तर ती छेडछाड. मग प्रकरण वर जाईल, आणि निर्णय होईपर्यंत यादी आहे तशी राहील." मग तो मनकर्णाबाईकडे वळला. "पोतं कोणी टाकलं?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून? या लोकांपैकी कोणी काही सांगितलं होतं?"

मनकर्णाबाईने वकारकडे पाहिलं. रागाने नाही. झाडाकडे बघतात तशी, पाणी लागलं की नाही ते बघायला. वकार टेबलावरच्या कागदांकडे बघू लागला.

"कोनी नाई सांगतलं," ती म्हणाली. "कलमाले टाकतो आमी, तसं टाकलं."

साहेब लगेच लिहू लागला नाही. त्याने पेन हातात धरून वकारला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते ते वकारला आजही सांगता येईल. अकरा चाळीस. नत्थुजी खाकरले. चंद्रभानजी आपल्या टोपीची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते. नितेश सर मोबाइल बघत होते. वकारच्या मनात सगळं वाक्य तयार होतं, पाच शब्दांचं: साहेब, मीच त्यांना तसं सांगितलं.

"नाही, सर," तो म्हणाला.

पेन चाललं.

प्रकरण वर गेलं आणि वरच राहिलं. टँकर आला नाही. चंद्रभानजींच्या बोअरची करंगळी गाव पीत राहिलं आणि चारशे झाडांनी त्या महिन्यात पान टाकलं, मग साल टाकली. ईदच्या दिवशी अम्मीने शीरखुर्म्याची वाटी पुढे केली, तेव्हा वकारने ती तशीच बाजूला ठेवली. त्याने स्वतःची समजूत घातली. काकूंनी आपल्याला वाचवलं. अब्बांचं दुकान, अम्मीचे गुडघे, सारं माहीत होतं त्यांना, म्हणून अंगावर घेतलं. देवमाणूस. असं म्हटलं की जरा बरं वाटायचं. एखाद्याला देवमाणूस ठरवलं की त्याचं काही देणं उरत नाही.

त्याची फाइल गेली. कायम मात्र काही झाला नाही, आणखी एका वर्षाचं कंत्राट मिळालं. नितेश सरांचा निबंध एका परिषदेत वाचला गेला, अकरा दिवस वगळून.

ऑगस्टमध्ये वकारला डबे काढून आणायला पाठवलं. गाव वादग्रस्त म्हणून यंत्र जूनमध्येच बंद केलं होतं. खरा पाऊस आला तेव्हा त्याची नोंद घ्यायला तिथे कोणी नव्हतं. टेकाड हिरवंगार झालं होतं, गुडघाभर गवत. त्या गवतात चारशे वाळके खुंट उभे होते आणि चंद्रभानजी दोन माणसांसह यांत्रिक करवत घेऊन ते कापत होते. त्यांनी हात वर केला, मशीन थांबवलं नाही.

मनकर्णाबाई पंपघराच्या सावलीत जळतणाच्या मोळ्या बांधत होती. तिने वकारला बसायला पाट दिला, पाणी दिलं. त्याने ते पिऊन टाकलं आणि मग जे दोन महिने घोकलं होतं ते बोलला. "काकू, त्या दिवशी तुम्ही मले वाचवलं. मी ते विसरणार नाही."

तिने दोरीची गाठ आवळली. "मी नाई वाचवलं तुले."

"साहेबानं विचारलं, तुम्ही माझं नाव नाही घेतलं."

"नाई घेतलं." तिने मान वर केली. "मनात आलं, पोट्ट्याच्या तोंडचं आपुन काहून बोलाव? त्याचं त्याले बोलू द्या, शोभून दिसन. म्हनून म्हटलं, कोनी नाई. मंग साहेबानं तुलेच इचारलं." करवत एका खुंटातून पार झाली आणि खुंट गवतात पडला. "लय वाट पाह्यली रे मी तवा."

वकारला तिच्याकडे बघवेना. तो शिडीने वर गेला, खिळे काढले, डबा सोडवला. पेटी आणायला तो विसरला होता, आणि पावसाचं आभाळ भरून आलं होतं. डबा छातीशी धरून तो खाली उतरला.

मनकर्णाबाईने त्याच्या हाताकडे, मग आभाळाकडे पाहिलं. पंपघरात जाऊन ती खुंटीवरचं गोणपाट घेऊन आली, तेच, झटकून घडी घातलेलं.

"याच्यात बांधून ने," ती म्हणाली. "आता कोरडं हाय."